कावळ्याचा रकाना

आपली शुगर पळाल्याची बातमी महादेवरावांनी घरच्या ग्रुपवर स्वतःच टाकली होती. ताटाचा फोटो काढायचा, पोटात काय आणि किती चाललंय ते ॲप सांगतं. एवढ्यावर रोग गेला, असं ते नालवाडीत भेटेल त्याला ऐकवत. ॲपच्या त्याच आकड्यावरून जेवणाआधी इन्सुलिनची सुई टोचावी लागते, हे मात्र फक्त त्यांना आणि ॲपला ठाऊक होतं.

आज पवनारला थोरल्या भावाकडे, रूपरावांकडे, बाबांचं पित्र होतं. ताटं वाढली गेली. महादेवरावांनी फोटो काढला. पुऱ्या, वडे, कढी, खीर. ॲपनं कसलाही विधिनिषेध न पाळता सगळ्यांची बेरीज दिली. हात धुऊन येतो म्हणून ते न्हाणीत गेले, टोचून आले आणि ताटावर बसले.

"थांबा जी भाऊजी," कौशल्यावहिनी म्हणाल्या. "कावळा कुठं शिवला अजून?"

महादेवरावांचा घास हातातच राहिला. ॲपमध्ये पुरीला रकाना होता, खिरीला होता, कावळ्याला नव्हता.

"पान कवाचं ठेवलं गच्चीवर," रूपराव म्हणाले. "एकही फिरकला नाई. बाबाची इच्छा राह्यली काहीतरी."

"बाबांले वाट पाहाले लावायची हौसच होती," महादेवराव हसले. हसताना ओठ जरा बधिर वाटले.

सगळे अंगणात जाऊन 'काव काव' करू लागले. महादेवरावही ओरडले. पोट रिकामं असलं तरी सुई साखर उतरवण्याचं आपलं काम चोख करत होती. कपाळावर घाम आला, बोटं थरथरू लागली. अशा वेळेसाठी खिशात ठेवायच्या पेपरमिंटच्या गोळ्या त्यांनी कधीच बंद केल्या होत्या. शुगर पळालेल्या माणसाच्या खिशात त्या शोभत नाहीत.

तेवढ्यात खिशातून एक गोड आवाज म्हणाला, "आपण इन्सुलिन घेतले आहे. कृपया विनाविलंब भोजन सुरू करावे."

"कोन बोलून राह्यलं?" वहिनींनी विचारलं.

"जाहिरात हाय." त्यांनी खिसा दाबून धरला.

"घाम काऊन फुटला तुमाले?"

"ऊन किती हाय, वहिनी!"

आभाळ भरून आलेलं होतं. वहिनींनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा दिराकडे. चिमूटभर साखर मागायची, एवढंच करायचं होतं. पण समोर रूपराव उभे होते, आणि ते गेला महिनाभर गावात सांगत होते, 'आमच्या महादेवानं शुगरले पाणी पाजलं.'

"महादेवा, तू बाबाचा लाडका," रूपराव म्हणाले. "तूच वर जा. काय पायजे ते कबूल कर अन् बोलाव त्यायले."

जिना हलत होता. निदान महादेवरावांना तसं वाटलं. कठड्यापाशी पोचेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. कठड्यावर पान होतं, द्रोणात खीर होती, आणि आभाळ कावळ्यावाचून रिकामं होतं.

"बाबा, माफ करजा," म्हणत त्यांनी द्रोण तोंडाला लावला.

खीर संपली. पुरी गेली. वडाही गेला. नेमका तेव्हा एक कावळा तारेवर येऊन बसला, मान वाकडी करून पाहू लागला. मग महादेवरावांचं जेवण होईपर्यंत सभ्यपणे थांबला, आणि उडून गेला.

बोटांची थरथर थांबली तसे ते खाली आले.

"शिवला," ते म्हणाले.

"पाह्य, लाडक्याचं कसं ऐकलं!" रूपरावांनी हात जोडले आणि सगळ्यांना घेऊन आत वळले. वहिनी मात्र दारातच उभ्या राहिल्या.

"सारंच खाल्लं काय जी कावळ्यानं?"

"पुरीचा तुकडाही नाई सोडला."

"मिशी पुसा आधी."

महादेवरावांनी मिशी पुसली. बोटाला खिरीतलं शीत लागलं.

"पोट भरलं, का अजून वाढू?" वहिनींनी आवाज खाली आणला. "माह्या भावालेही हेच हाय. घाम कशाचा ते मले कळते."

महादेवराव खाली पाहत म्हणाले, "सुई चालू हाय, वहिनी. रोज."

वहिनींनी घरात नजर टाकली. "तुमच्या दादाले मी सांगतो, जेवण झाल्यावर. ग्रुपवर तुमी सांगा." मग त्यांनी दिराच्या पाठीला हात लावून त्यांना आत ढकललं. "चला. आता बसा, माणसासारखे."