ओद्वेनासेचं जागतिक मानक

"जगातल्या झाडून साऱ्या कंपन्यांनी समाजाशी कसं वागावं, याचा निकाल आज आपल्या ओद्वेनासेत लागणार आहे," खांद्यावरचं केंतेचं रंगीत वस्त्र सावरत दांक्वाने सकाळी सकाळी जाहीर केलं.

"लागू द्या की," पोकुआ म्हणाली. "जाताना ही कोकोच्या बियांची टोपली न्या आणि दरबारासमोर चटईवर वाळत पसरा. इथे पुन्हा धूळ बसली, तर व्यापारी याही वेळी माल परत करेल."

सोन्याच्या खाणीचे ट्रक दारावरून धावत आणि पोकुआच्या कोकोवर लाल थर चढे. दांक्वा हा नानांचा, म्हणजे गावच्या राजाचा, ओक्येआमे. नानांशी थेट कुणी बोलायचं नाही. पाहुण्याने दांक्वाला सांगायचं, आणि त्याने ते नानांच्या कानांना शोभेल असं घोळवून पुढे सरकवायचं. नवरा राजाचं तोंड, पण रस्त्यावर दोन बादल्या पाणी मारून घ्यायला ते उघडत नाही, हे पोकुआ त्याला फुफूच्या गोळ्याबरोबर रोज वाढत असे.

दरबारात ढोल घुमत होते. अख्खा गाव लोटला होता. साऱ्या जगातल्या कंपन्यांना मिळून एकच मानक असावं का, हे गावाला विचारायला जिनिव्हाहून लिंडक्विस्ट नावाचे साहेब आले होते. शेजारी खाणीचे मॅनेजर क्वान्सा, भर उन्हात टाय बांधून.

लिंडक्विस्ट इंग्रजीत पुष्कळ बोलले. सार एवढंच, की मानक असावं, पण ते कुणावर बंधनकारक नसावं. तपासायलाही कुणी येऊ नये. ज्या कंपनीला वाटेल तिने पाळावं.

दांक्वा पुढे सरसावला. इतकं मिळमिळीत बोलणं नानांच्या पानात वाढायचं? त्याच्या आजोबांनीही ओक्येआमे म्हणून हीच सोन्याच्या मुठीची काठी धरली होती. त्याने ती जमिनीवर आपटली आणि गावच्या भाषेत सुरू झाला.

"नाना, पाहुणा म्हणतो, दुसऱ्याच्या अंगणात जो सोनं खणतो, त्याने ते अंगण राखलंच पाहिजे. धूळ उडवली तर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलंच पाहिजे. आणि खाणीचे साहेब आत्ता, पूर्वजांसमोर, तशी शपथ घेताहेत."

अंगण उसळलं. बायकांनी पांढरी फडकी फिरवली, म्हातारे ढोलाशी जाऊन नाचायला लागले. आपल्या मानकाच्या मसुद्याला एवढी दाद लिंडक्विस्टना आजवर कुठल्याच देशात मिळाली नव्हती. ते उभे राहून सगळीकडे वाकू लागले.

क्वान्सांना शब्द न् शब्द कळला होता. पण भर दरबारात ओक्येआमेला खोटं पाडायचं, तर एक मेंढी दंड, आणि पुढे गावात पाणीही कुणी विचारत नाही. त्यांनी आशेने नानांकडे पाहिलं. नाना कुमासीच्या कॉलेजात इंग्रजी शिकलेले. ते डोक्यावरच्या राजछत्रीची झालर न्याहाळत होते.

मग दारूची बाटली उघडली गेली. दांक्वाने पूर्वजांची नावं घेत जमिनीवर धार सोडली आणि उरलेला घोट क्वान्सांपुढे धरला. त्यांनी तो औषधासारखा गिळला. संपला विषय; पितरांबरोबर प्यायलेली शपथ मोडायला तिकडे कुणी धजत नाही.

लिंडक्विस्टनी भारावून दांक्वाचे दोन्ही हात धरले. "जगातल्या कंपन्यांकडून तुम्हाला आणखी काय हवंय? सांगा, पहिल्या कलमात घालतो."

दांक्वाने फाटकाकडे नजर टाकली.

"फार काही नाही, साहेब. तेवढी तुमची गाडी हातभर मागे घ्यायला सांगा. चाकाखाली बायकोचा कोको आहे."