तिरकी गेलेली चीर

माझ्या सहीशिवाय टेकडीला सुरुंग लागणार नव्हता, म्हणून त्या दिवशी मला भलताच मान होता. पुरातत्त्व कार्यालयाच्या साहेबांनी चक्क माझ्यासाठी गाडीचं दार उघडलं. अहवालात शब्द आधीच छापून आणला होता: दगडावरच्या खाचा 'नैसर्गिक'. मी खाली सही केली की खाणवाले दुसऱ्या दिवशी टेकडी उडवायला मोकळे. पाहणी माझ्या नावावर होती, पण मी पडले हंगामी कर्मचारी, सही मुकाट्याने करीन अशी सगळ्यांची खात्री होती.

मी बाबांना सोबत नेलं. बावन्न वर्षं दगड फोडलेला माणूस. त्यांना गाडीत बघून साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

माथ्यावर एक भलामोठा दगड अर्धवट फुटून पडला होता. त्यावर ओळीत नऊ खाचा, काळाने झिजून गुळगुळीत झालेल्या. बाबा गुडघे धरत खाली बसले, एकेका खाचेत बोट फिरवलं आणि हसायलाच लागले.

"काय गाढव होता!"

"कोण?" साहेबांनी विचारलं.

"ह्या खाचा पाडणारा. खाचांत पाचरी बसवल्या की सगळ्यांवर थोडं थोडं ठोकायचं असतं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत परत. ह्यानं घाई केली. एकाच टोकाला हाणत सुटला. ही बघा, चीर इथून तिरकी गेली. दगड वाया! एकोणिसाव्या वर्षी मीही हेच केलं होतं. वडिलांनी कानफटात वाजवली."

"अहो, हे ऊनपावसाचं काम आहे."

"ऊनपावसाला कसली आलीये घाई?"

साहेब माझ्याकडे वळले. "असल्या दगडफोड्यांचं ऐकून अहवाल लिहितात का?"

तेही बाबांच्या देखत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हजारो वर्षांपूर्वी इथे कुणीतरी घाम गाळला, चुकला, शिव्या खाल्ल्या. तो झालाच नाही असं मी लिहून द्यायचं?

गाडीच्या बॉनेटवर अहवाल ठेवला. 'नैसर्गिक' खोडून 'मानवनिर्मित' लिहिलं आणि सही ठोकली. तज्ज्ञाच्या रकान्यात बाबांचं नाव घातलं, पुढे 'पाथरवट'. बाबांनी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर सावकाश काढत सही केली. पानाचा फोटो मी तिथूनच मुख्यालयाला पाठवला.

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले.

"नाही येत. सुरुंगवाल्यांनाही तेवढं सांगून टाका."