मंगळवारची वही

"तुम्ही मंगळवारी येता ना, म्हणून मंगळवारी मी आधीच दम देऊन ठेवते," मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या. "नाहीतर ही माणसं अशी सरळ उभी राहतात होय?"

वहीत चालणारं पेन थांबलं.

सहा वर्षं दर मंगळवारी बाई दवाखान्याच्या औषधवाटपाच्या हॉलमध्ये, खांबाजवळच्या खुर्चीत, वही घेऊन बसत आल्या होत्या. विषय होता गर्दीचा. कोणी सांगत नसताना गर्दी आपली आपण शिस्त लावून घेते, म्हाताऱ्याला खुर्ची देते, लेकुरवाळीला पुढे सोडते, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. त्यासाठी कायमची नोकरी सोडली होती आणि बेचाळिसाव्या वर्षी भावाच्या घरी एका खोलीत राहायची वेळ आली होती. प्रबंध शुक्रवारी द्यायचा होता. ही शेवटची मुदतवाढ.

"दम देता? मी कधी ऐकलं नाही."

"तुम्ही यायच्या आधी. म्हणते, वहीवाल्या बाई सगळं लिहून घेतात, नीट वागा. पहिल्या वर्षी किती गोंधळ असायचा! तुम्ही बिचाऱ्या हिरमुसून जायचात. मला बघवेना."

ते पहिलं वर्ष बाईंनी 'सरावाचं' म्हणून गाळून टाकलं होतं.

निरीक्षणाचा वार बदलायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे बुधवारी त्या तिथे कधीच फिरकल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मात्र वही न घेता खिडकीबाहेर उभ्या राहिल्या. आत ढकलाढकली चालली होती. काठी टेकलेले एक आजोबा पाऊण तास उभे होते, आणि शेजारच्या खुर्चीत एक धट्टाकट्टा माणूस पिशवी ठेवून बसला होता.

प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"मावशींना. आणि मला."

"मग प्रश्नच मिटला. शुक्रवारी द्या. फार तर शेवटी एक टीप जोडा."

"टीप कशी जोडू, सर? सगळा निष्कर्षच मावशींचा आहे."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तसं लिहिणार असाल तर माझी सही मिळणार नाही. आणि मुदतही."

बाईंनी तसंच लिहिलं. सही मिळाली नाही. जिन्याच्या वळणावर बसून त्या ढसाढसा रडल्या. सहा वर्षं पाण्यात गेली होती आणि राग धरायला समोर कोणी नव्हतं. ज्या मावशींनी जीव लावला होता, त्यांनीच बाईंचं वाटोळं केलं होतं.

"सुटलीस का गं एकदाची?" आईने फोनवर विचारलं.

"सुटले, आई."

पुढच्या मंगळवारी पाय सवयीने हॉलकडे वळले. रांग सरळ होती. खांबाजवळची खुर्ची रिकामी ठेवली होती, आणि ते काठीवाले आजोबा आज बसलेले होते.

"आलात? झालं का पुस्तक?" मावशींनी लांबूनच विचारलं. "माझं नाव घातलंत का त्यात?"

"घातलंय. पहिल्याच पानावर."

मावशी लाजल्या. मग काळजीने जवळ आल्या. "म्हणजे आता तुम्ही यायच्या नाहीत?"

बाईंनी आजोबांकडे पाहिलं. मग खुर्चीत बसून त्यांनी पिशवीतून वही काढली, मांडीवर उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. हॉल बंद होईपर्यंत त्या कोऱ्या पानावर मान घालून, लिहीत असल्यासारखा हात हलवत राहिल्या.