मानाची खुर्ची

नेमगोंडाच्या मंडप-डेकोरेशनच्या गोदामात अक्षता शिरली ती भांडायच्या तयारीनंच. सहकार्य या शब्दाचा तिनं नुकताच धसका घेतला होता.

उचगावात तिची संस्था होती. संस्था म्हणजे एक खोली, सात सभासद आणि आजाऱ्यांना फुकट वापरायला द्यायच्या चाकाच्या खुर्च्या, वॉकर, खाटा. मागच्या वर्षी पुण्याच्या एका बड्या फाउंडेशननं तिच्याशी बावीस पानांचा करार केला. त्यातून हाती लागलं काय, तर एक काचेची ढाल आणि एक फ्लेक्स. त्यावर फाउंडेशनचं नाव बैलाएवढं, संस्थेचं मुंगीएवढं. अध्यक्ष यल्लाप्पामामा एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, कुठलीही वस्तू वाया घालवायची नाही हा त्यांचा धर्म. त्यांनी तो फ्लेक्स गळक्या छपरावर अंथरला आणि म्हणाले, "कराराचा एवढा तरी उपेग झाला."

खरी अडचण वेगळीच होती. खोलीत अठरा खुर्च्या धूळ खात होत्या आणि तिकडं गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांवर माणसं अंथरुणाला खिळलेली. सामान न्यायचं कसं? एसटीत खाट चढवू देत नाहीत. नेमगोंडाचे टेंपो मात्र लग्नसराईत आठवड्यातून चारदा त्याच रस्त्यानं जायचे.

"जागा हाय की टेंपोत," नेमगोंडा कान कोरत म्हणाला. "पर त्यात माझं काय?"

"पुण्य," अक्षता म्हणाली. म्हणताना तिचं तिलाच हसू आलं.

"पुण्यासाठी आमची जैनांची बस्ती हाय, देऊळ. हितं धंदा चालतोय." मग त्याचे डोळे चमकले. "असं करा ताई. खाटंसंगं माझं कार्ड द्या. ज्या घरात आजारी माणूस, तिथं आज ना उद्या मांडव लागणारच. बरा झाला तर पूजंला, न्हाईतर बाराव्याला."

"अण्णा, जिभेला काही हाड?"

ती उठलीच. तेवढ्यात नेमगोंडाचा फोन वाजला. कालच्या लग्नातलं गिऱ्हाईक तापलं होतं. नवरीच्या आजीला गेटपासून स्टेजपर्यंत चौघांनी उचलून नेलं आणि मधेच खाली ठेवलं, म्हणे. नेमगोंडानं फोन ठेवला. "म्हाताऱ्यांनी जीव काढलाय बगा. दर लग्नात ह्योच तमाशा."

अक्षता परत बसली.

"प्रत्येक लग्नाला मी चाकाच्या चार खुर्च्या देते. लग्न उरकलं की त्याच टेंपोतून त्या पेशंटच्या घरी जातील. तुमच्या गिऱ्हाइकाची सोय, माझी वाहतूक. कार्ड मात्र द्यायचं नाही."

नेमगोंडानं काडी फेकली. "लिव्हून द्यायला लागतंय काय?"

"बावीस पानं."

"खुळी का काय तुमी!"

"चेष्टा केली अण्णा."

तीन लग्नं बिनबोभाट झाली. चौथं होतं गगनबावड्याजवळ, माजी सरपंच केरबा पाटलांच्या पुतणीचं. त्या दिवशी टेंपोत चार खुर्च्यांबरोबर पाचवीही होती. चकचकीत स्टील, जाड हात, वर गुबगुबीत गादी. खालच्या वाडीतल्या लकवा झालेल्या गुंडूतात्यांसाठी. खालचं भांडं मामांनी वेगळं बांधून दिलं होतं.

अक्षता दुपारी मांडवात पोचली आणि दारातच थबकली. मंडपवाल्या पोरांना ती खुर्ची खास पाहुण्यांची वाटली होती. लाल मखमल पांघरून ती स्टेजच्या मधोमध मांडली होती, आणि तिच्यात फेटा बांधून, शाल-नारळ मांडीवर घेऊन केरबा पाटील बसले होते. बसल्या बसल्या माइकवर त्यांचं भाषणही चाललं होतं, विषय संस्कार.

भाषण संपवून ते नेमगोंडाकडं वळले. "खुर्ची लई आरामशीर हाय रं. असल्या दोन मला घरला पायजेत."

त्यांची बायको हौसाबाई शेजारीच होती. तिनं तीन वर्षं अंथरुणावरच्या सासूचं सगळं केलं होतं. तिनं दोन बोटांनी मखमल उचलली, गादी चाचपली आणि हळूच म्हणाली, "अवो, उठा. ही संडासाची खुर्ची हाय."

माइक चालूच होता.

पहिली हसली ती नवरी. मग सगळा मांडव. केरबांच्या तोंडाचा रंग फेट्याला जाऊन मिळाला. "तुमच्या नादाला लागलो आणि माझं गिऱ्हाईक बुडालं," असं नेमगोंडा दातओठ खात पुटपुटला. अक्षताला पळून जावंसं वाटलं. पण पळाली असती तर खुर्ची तिथंच राहिली असती. ती स्टेजवर चढली.

"चूक माझी आहे, पाटीलसाहेब. चिठ्ठी लावायला पाहिजे होती. खुर्ची कोरी आहे. खालच्या वाडीतल्या गुंडूतात्यांना न्यायची होती. दोन वर्षं त्यांची सून त्यांना पाठीवर घेऊन शेतात परसाकडला नेते."

केरबा शिवी हासडायच्या बेतात होते, ते थांबले. "कोण, गुंड्या? एका तालमीत हुतो आमी. त्याची ही दशा झालीया व्हय?"

"तुमी दोन वर्षांत गेलाय कुठं बगायला," हौसाबाई म्हणाली. तेही माइकवर.

जेवणं झाल्यावर केरबा फेट्यासकट टेंपोत पुढं बसले, मागं खुर्चीजवळ अक्षता आणि हौसाबाई. वाडीत गुंडूतात्यांनी वाकड्या तोंडानं मित्राला ओळखलं. घडलेला प्रकार नेमगोंडानं तिखटमीठ लावून सांगितला. तात्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "तू... बसून... बगितलीस न्हवं?" ते एकेक शब्द ओढत म्हणाले. "मग मजबूत आसंल." केरबांनी त्यांना स्वतः उचलून खुर्चीत बसवलं, आणि मग बराच वेळ भिंतीकडं तोंड करून ते नाक शिंकरत राहिले.

परतताना हौसाबाईंनी अक्षताला घरी नेलं. "माझी पडवी मोकळी पडलीया. हिकडचं सामान हितंच ठेवत जावा. कुणाला काय पायजे, मला ठावं. सासूनं सगळं शिकवून ठेवलंय."

पावसाळ्याआधी पडवीत दोन खाटा आणि नऊ वॉकर आले. मामा दर महिन्याला नेमगोंडाच्या टेंपोतून पान्हे घेऊन जातात, चाकांना तेल देतात आणि हौसाबाईंचं जेवण जेवून येतात. नेमगोंडानं पाचव्या खुर्चीच्या जातीच्या सगळ्या खुर्च्यांवर पिवळे पट्टे मारून घेतलेत. कार्डाचा विषय त्यानं अजून दोनदा काढला. दोन्ही वेळा अक्षतानं त्याला तेच "जिभेला काही हाड?" ऐकवलं, आणि टेंपो वेळेवर सुटला.