उरलेली लस

मच्छिंद्रनं मेलेली शेळी रूथबाईच्या दारात आणून टाकली, तेव्हा ती आपल्या शेळ्यांपुढं सुबाभळीचा पाला टाकत होती. दिवस नुकता वर आला होता. पौषातला वारा असा बोचरा, की कानाला फडकं बांधल्याशिवाय माणूस बाहेर पडत नव्हता. मच्छिंद्र मात्र उघड्या डोक्यानं आला होता.

"घे," तो म्हणाला. "ही तिसरी. अजून दोन पडल्यात. त्या दुपारपातुर आनून टाकतो."

रूथबाई खाली बसली. शेळीच्या नाकातून घट्ट पिवळा शेंबूड वाहून सुकला होता. डोळे चिपडांनी चिकटले होते. मागचा भाग हगवणीनं भरलेला होता. तिनं ओठ उचलून पाहिला. हिरड्यांवर कोंडा पसरल्यासारखे फोड होते. हा रोग ओळखायला तिला शिकवलेलं होतं. शेळ्यांची बुळकांडी, एकीची दुसरीला लागणारी.

नेवाशापासून कालव्याच्या कडेकडेनं गेलं की टोकाला ही वस्ती लागते. पंचवीस-तीस घरं. निम्म्या घरांत शेळ्या; कुणाच्या दोन, कुणाच्या आठ, मच्छिंद्रच्या चौदा हाच सगळ्यांत मोठा कळप. रूथबाई इथली पशुसखी. बचत गटानं तिला तालुक्याला पाठवून शिकवलं होतं. जंताचं औषध पाजायचं, खुरं कापायची, डॉक्टरांनी लस दिली की टोचायची. नवरा गेल्यावर या कामानं तिला वस्तीत एक जागा दिली होती. रात्री शेळी अडली तरी लोक तिलाच हाक मारायचे.

"तू टोचलीस न्हवं आमच्या शेळ्यांला? दिवाळी झाल्यावर?" मच्छिंद्र म्हणाला. "चौदाच्या चौदा टोचल्यास. माज्या आईनं कान धरले हुते."

"टोचल्या," रूथबाई म्हणाली.

"मंग तुज्या शेळ्या कशा उभ्या हायेत? बघ की, कशा रवंथ करत्यात. तुज्या आठातली एक शिंकली का?"

तिच्या शेळ्या खरंच पाला ओरबाडत होत्या. रूथबाईला त्यांच्याकडं पाहवेना. धडधाकट जनावरांची लाज वाटावी, असा दिवस तिनं कधी पाहिला नव्हता.

आत जाऊन तिनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

खरं काय ते तिला शेळीचा ओठ उचलला तेव्हाच कळलं होतं. दिवाळीनंतर राधाकृष्ण डॉक्टर लसीची बाटली घेऊन आले होते. एका बाटलीत शंभर शेळ्यांची लस. वाळलेली वडी असते आत, तिच्यात थंड पाणी सोडून कालवायची. त्या दिवशी एक्केचाळीस शेळ्या जमल्या. मच्छिंद्रची माणसं लग्नाला गेली होती, आणखी दोन घरांच्या शेळ्या लांब रानात होत्या. डॉक्टरांना पलीकडच्या गावात गाय अडल्याचा फोन आला. जाताना ते म्हणाले, "रूथताई, दोन तासांत कुणी आलं तर टोचा. राहिलेली टाकून द्या."

टाकून द्यायची. अर्ध्याहून जास्त बाटली. पुढची बाटली कधी येईल, याचा नेम नाही. ज्या घरात विरजणाला ताकाचा शेवटचा घोट राखतात, भाकरीचा तुकडा उरला तर उद्या कुस्करून खातात, त्या घरात तिचा जन्म गेलेला. तिच्यानं टाकवेना. तिनं बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली आणि दूध डेअरीच्या कानिफनाथाच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवली. लस थंड ठेवायची, हे तिला पाठ होतं. आठ दिवस ती रोज जाऊन बघून यायची. वीज गेली तर पुन्हा बर्फ लावायची. एवढं तर तिनं स्वतःच्या लेकराच्या औषधाला जपलं नव्हतं. नवव्या दिवशी, सगळे परतल्यावर, तिनं मच्छिंद्रच्या चौदा आणि त्या दोन घरांच्या शेळ्या टोचल्या. बनुबाईनं, मच्छिंद्रच्या आईनं, तिला पदरात शेंगा घातल्या होत्या.

डॉक्टर दुपारी बाराला आले. मच्छिंद्रच्या गोठ्यापुढं वस्ती गोळा झाली. डॉक्टरांनी पडलेल्या दोन्ही शेळ्या बघितल्या आणि उभे राहिले.

"बुळकांडी आहे. पण यांना लस दिलीय ना? वहीत लिहिलंय."

सगळे रूथबाईकडं बघायला लागले. दिली म्हटलं असतं तर चाललं असतं. औषधच खराब आलं म्हणाले असते लोक, सरकारला शिव्या दिल्या असत्या आणि पांगले असते.

"दिली, सायेब," ती म्हणाली. "पन त्या दिवशीची न्हाई. उरलेली राखून ठिवली हुती. फ्रीजात. नवव्या दिवशी टोचली."

डॉक्टरांनी डोळे मिटले. मग हळू बोलले, "ताई, वडी कोरडी असते तोवर ती थंडीत टिकते. एकदा पाणी पडलं, की दोन तास. मग फ्रीज असू दे नाहीतर हिमालय. तुम्ही नुसतं पाणी टोचलंत."

बनुबाई ओट्यावर बसली.

"सोताच्या शेळ्यांला ताजी," मच्छिंद्र म्हणाला, "आन आमाला शिळी."

"मच्छिंदर, मला ठावं नव्हतं रं."

"सुई हातात धरायची ठावं हुती न्हवं? मंग हे बी ठावं पायजे हुतं."



डॉक्टरांच्या बर्फाच्या डब्यात एक बाटली होती. आजारी शेळीला लस चालत नाही, पण ज्या अजून धडधाकट आहेत त्या टोचता येतील, ते म्हणाले. "एक वाजता फोडतो. तीनला संपली. त्यानंतर एक थेंब वापरायचा नाही."

रूथबाई दारोदार फिरली. जिथं आठवड्याला चहा व्हायचा तिथं आता कुणी खाट पुढं ओढली नाही. ती प्रत्येक दारात तेच सांगत होती. "माजी चूक झाली. आता डॉक्टर सोता फोडत्यात बाटली. डोळ्यानं बघा आन मग टोचून घ्या." शिळी लस टोचलेल्या त्या दोन घरची माणसं कुरकुरत आली. इतरांनी पावसाळा संपताना जन्मलेली, दिवाळीला टोचायला लहान असलेली करडं आणली. मच्छिंद्रच्या चौदातल्या नऊ अजून धड होत्या. पण तो त्या नऊ घेऊन माळावर निघून गेला होता. त्या बाईच्या सुईपासून लांब, असं सांगून गेला.

"आत्या, त्याला बलवा," रूथबाई बनुबाईच्या पाया पडली. "मला शिव्या देऊ दे. पन शेळ्या आनू दे."

म्हातारी काठी टेकत माळाकडं गेली.

अडीचला डॉक्टर निघाले. त्यांना अजून दोन गावं करायची होती. बाटली बर्फात ठेवून रूथबाई लिंबाखाली बसली. तीन वाजले. पावणेचार झाले. माळावरून धुरळा उडाला आणि नऊ शेळ्या पुढं, मागं मच्छिंद्र आणि बऱ्याच मागं बनुबाई अशी रांग येताना दिसली. त्याचा चेहरा उतरला होता. त्यातली एक काळी शेळी चालता चालता शिंकत होती.

"हाय का उरलेली?" त्यानं विचारलं.

"हाय. पन वेळ गेली."

"बरफात हाय न्हवं?"

"पानी पडून तीन तास होत आले. मेली ती."

मच्छिंद्र तिच्यापुढं उकिडवा बसला. एवढा दांडगा माणूस, पण आवाज बारीक झाला होता. "आक्का, सकाळचं मनात धरू नगं. मी बोललो. तू टोच. लागली तर लागली. कोन बघतंय इथं?"

"मच्छिंदर, त्यात काय राह्यलं न्हाई."

"तवा नवव्या दिवशी दिलीस. आन आज पाऊण तासासाठी नगं म्हनतीस?" तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. "मंग तवा का दिलीस गं?"

रूथबाईला रडू फुटलं नाही. फुटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं हात धुवायला ठेवलेलं चुन्याच्या निवळीचं भांडं ओढलं आणि त्याच्या देखत बाटली त्यात रिकामी केली.

"टोचली तर तू निर्धास्त होशील," ती म्हणाली. "आन ह्या समद्या तुज्या रोग शिरलेल्या गोठ्यात नेऊन बांधशील. तसं करू नगं. काळी वेगळी कर. बाकीच्या माज्या गोठ्यात बांध. माज्या आठांना ताजी लस हाय, त्या मी बाहेर बांधते. कापडं बदलून, हात धुवून इकडं येत जा."

बनुबाईनंच पहिली शेळी कानाला धरून रूथबाईच्या गोठ्याकडं ओढली.

काळी दुसऱ्या दिवशी गेली. मच्छिंद्रच्या घरी पडलेल्या त्या दोघीही गेल्या. रूथबाईच्या गोठ्यात बांधलेल्या मच्छिंद्रच्या आठांपैकी तीन तापानं फणफणल्या. तिनं त्या बाजूला काढल्या, पाठीवर पोतं टाकलं, बोटानं पेज चाटवली. तिन्ही एका पाठोपाठ एक गेल्या. मच्छिंद्र रोज यायचा, दारात उभा राहून मोजायचा आणि जायचा.

चौथ्या दिवशी डॉक्टर नवी बाटली घेऊन आले. वस्तीत कुणाच्या राहिलेल्या, कुणाच्या नव्या, अशा पंधरा-वीस शेळ्या जमल्या. मच्छिंद्रच्या पाच होत्या. डॉक्टरांनी सुई रूथबाईच्या हातात दिली, तशी माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

"थांब," मच्छिंद्र म्हणाला. "बाटली दाव आदी."

तिनं बाटली उजेडात धरली. आत कोरडी वडी तळाला बसलेली होती. त्यानं ती हातात घेऊन हलवून पाहिली, कानाशी नेली, परत दिली. मग खिशातून मोबाईल काढून वेळ बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं सांगितली.

"आता सोड पानी."

तिनं सोडलं.

"आज टोचल्यावर रोग येत न्हाई म्हनायचं का मंग?"

"अंगात ताकद यायला पंधरा दिवस लागत्यात," रूथबाई म्हणाली. "तवर काय खरं न्हाई. यातली एखादी जाईल. पाची बी जातील. खोटं सांगनार न्हाई."

मच्छिंद्रनं ओठ आवळले. बाकीच्या चौघी त्याच्या पायांशी गोळा झाल्या होत्या. त्यानं पाचवीचा कान धरला, तिचं डोकं मांडीत दाबलं आणि मान दुसरीकडं फिरवली.

"टोच," तो म्हणाला.