खुडूक कोंबडीखालची नळी

चैतालीला कसलीच रीत नव्हती. आज्जीला न विचारता तिनं दुपारी तांबड्या कोंबडीच्या पंखातून सुईनं रक्त काढलं. दिंडोरीच्या त्या मळ्यात सुमनबाईंच्या हुकमाशिवाय कोथिंबिरीची काडी कुणी उपटत नसे, आणि ही एमएस्सीला जाणारी नात थेट कोंबडीच्या नसेला हात घालते!

"आज्जी, ओरडू नको गं. चार वाजेपर्यंत सरांना फोटो गेला नाही, तर कॉलेजच्या प्रयोग-स्पर्धेतनं माझं नाव कट!"

"कसला फोटो? माझ्या कोंबडीच्या रक्ताचा?"

चैतालीनं दोन बारीक नळ्या पुढे धरल्या. दोन्हींत मिठाच्या पाण्यात धुतलेल्या रक्तपेशी. एकीत कोंबड्यांच्या मानमोडी रोगावरची लस मिसळलेली, पिलांच्या नाकात थेंब सोडतात तीच.

"लशीतला विषाणू जिवंत असतो, पण मवाळ. त्याच्या अंगावर चरबीचं पांघरूण. रक्तपेशीची कातडीपण चरबीचीच. गारठ्यात तो नुसता चिकटून राहतो. ऊब मिळाली की त्याचं पांघरूण आणि पेशीची कातडी एक होते, पेशी फुटते, लाल रंग पाण्यात उतरतो."

"म्हंजे रश्श्यावरचे तेलाचे दोन ठिपके एकात एक शिरतात, तसं?"

चैताली बघतच राहिली. "अगदी तसंच!"

सुमनबाई शाळेत चौथीच्या पुढे गेल्या नव्हत्या, पण तर्री त्यांनी जन्मभर पाहिली होती. गार पडली की ठिपके जागच्या जागी थिजतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांचा राग कुठल्या कुठे पळाला.

"मग ऊब दे की!"

"लाईट नाही ना, उबेचं मशीन बंद! पहिली जोडी चुलीवरच्या पाण्यात धरली, तर रक्त शिजून गोळा झालं. ही शेवटची. आपल्या अंगाएवढीच ऊब हवी, चाळीस मिनिटं." चैतालीनं मोबाईलवर वेळ पाहिली. तीन वाजले होते.

सुमनबाई ताडकन उठल्या. पडवीतल्या टोपलीत काळी कोंबडी नऊ दिवसांपासून अंडी उबवत खुडूक बसली होती. तिला लस कधीच देऊन झालेली. झाकणं घट्ट आहेत ना बघून त्यांनी दोन्ही नळ्या अंड्यांच्या मधोमध सरकवल्या. कोंबडीनं हातावर चोच मारली, पिसं फुगवली आणि नळ्यांवरही बसली.

चैताली दर दोन मिनिटांनी हात घालायला जाई, सुमनबाई तो झटकून टाकत. "गप बस! उठवलीस तर ऊब जाईल."

चाळीस मिनिटांनी नळ्या बाहेर आल्या. थोडा वेळ उभ्या ठेवल्या. लस नसलेल्या नळीत पेशी तळाला बसल्या, वर पाणी नितळ. दुसरीतलं पाणी मात्र लालभडक, कोकम सरबतासारखं!

"फुटल्या गं पेशी, फुटल्या!" सुमनबाईच आधी ओरडल्या.

फोटो काढून चैताली भराभरा मोबाईलवर लिहू लागली.

"काय लिहितेस? वाचून दाखव."

"ऊब कशानं दिली ते सरांनी विचारलंय. मशीन लिहिते. कोंबडी लिहिलं तर हसतील."

सुमनबाईंनी कमरेवर हात ठेवले. "पोरी, डोकं तुझं लय चालतं, पण हिंमत कवडीची नाय. काम कोंबडीनं करायचं आन् मान मशिनीला? असली लबाड हुशारी या घरात चालायची नाय. कोंबडीच लिही, आन् मग पाठव!"