किकऑफ आणि केटल

मी एक जुना चेंडू आहे, आणि माझ्या फळीखालच्या केटलचा खटका वाजला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, चेंडूचे आणि केटलचे काय वैर? सांगतो. पण एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी स्वभावाने मत्सरी आहे. कुणाचे चांगले झाले की माझ्या पोटात दुखते.

मी गोल नाही. दोन्ही टोकांना निमुळता, चामड्याचा, अमेरिकन फुटबॉलचा चेंडू आहे. माझ्या अंगावर 'के' हे इंग्रजी अक्षर छापलेले आहे, म्हणजे मी फक्त लाथ मारण्यासाठीचा चेंडू. मोठ्या सामन्यात आमचे दोन प्रकार असतात. दुसरा प्रकार म्हणजे माझा सावत्र भाऊच. संघातली माणसे त्याला आधीपासून ओल्या टॉवेलने पुसत, ब्रशने चोळत बसतात. तो हाताला मऊ लागावा ना! मग क्वार्टरबॅक नावाचा, सगळ्यांच्या कौतुकाचा खेळाडू त्याला हातात घेतो आणि टीव्हीवर दोघांचे फोटो झळकतात. आम्ही मात्र सामन्याच्या दिवशी सीलबंद खोक्यातून बाहेर यायचो, गुळगुळीत आणि अनोळखी. त्याला लाड आणि मला लाथ.

पण आमच्या वाट्याला एक सुख होते. त्याचे नाव रिटर्न. खेळ सुरू होताना एका संघाचा खेळाडू मला लाथ मारून उंच उडवतो. हाच किकऑफ. दुसऱ्या टोकाला एकजण मला झेलतो, काखेत घट्ट धरतो आणि धावत सुटतो. समोरून अकरा धिप्पाड माणसे वेगाने त्याच्यावर चाल करून येत असतात. तो त्यांच्यातून वाट काढतो. तेवढा वेळ साऱ्या मैदानाचे डोळे माझ्यावर असतात. सावत्र भाऊ तेव्हा बाहेर पिशवीत पडलेला असतो. मला आणखी काय हवे?

लंडनच्या एका सामन्यात मला हे सुख पुरेपूर मिळाले. ज्याने मला झेलले, तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मला घेऊन धावला. कुणाच्या हाताला लागला नाही. धापा टाकत तो कठड्यापाशी आला. तिथे लीड्सहून आलेली आठ वर्षांची तनू उभी होती, डोक्यावर लोकरीची निळी टोपी. तिचे बाबा हरीश नेमके तेव्हाच खुर्चीखाली पडलेला तिचा हातमोजा शोधत वाकले होते. त्या खेळाडूने माझ्या टोकाने तनूच्या टोपीवर हलकेच दोनदा टकटक केले आणि मला तिच्या हातात दिले. हरीश उठून बघतात तो चेंडू मुलीच्या कुशीत आणि खेळाडू पाठमोरा.

असा मी लीड्सच्या घरी आलो. हरीश तिथल्या मोठ्या इस्पितळात डोक्याला मार लागलेल्यांचे डॉक्टर, तनूची आई सुप्रभा शाळेत गणित शिकवणाऱ्या. मला स्वयंपाकघरातल्या फळीवर मानाची जागा मिळाली. तिथून बैठकीतला टीव्ही थेट दिसतो. दर रविवारी संध्याकाळी तिघे सामना पाहत आणि किकऑफच्या वेळी कुणीही जागचे हलत नसे. सुप्रभांची पोह्यांची बशी हातातच राही. दसऱ्याला घरातल्या कामाच्या वस्तूंची पूजा होई, तेव्हा हरीशांचा स्टेथोस्कोप, सुप्रभांचा लॅपटॉप आणि मी असे ओळीने बसत असू. मलाही हळदकुंकू लागे आणि गार्डन सेंटरमधून आणलेला झेंडू मिळे.

मग हळूहळू सगळे बदलले. लाथ मारण्याची जागा पुढे आणल्यापासून किकऑफचा चेंडू सरळ मैदानाच्या शेवटाला जाऊन पडू लागला. तो घेऊन पळायचे नाही असे ठरवले, की संघाला ठरावीक जागेवरून खेळायला मिळे; याला टचबॅक म्हणतात. मग तीही जागा पुढे सरकवली. आता कोण कशाला जीव धोक्यात घालून पळेल? वर्षामागून वर्षे रिटर्न कमी होत गेले. चेंडू उडायचा, पडायचा आणि पंच हात हलवायचे. एका रविवारी किकऑफच्या वेळी हरीश उठले आणि माझ्या फळीपाशी येऊन त्यांनी केटलचा खटका दाबला.

"अहो, किकऑफ आहे ना?" सुप्रभांनी विचारले.

"त्यात काय बघायचंय आता? टचबॅकच होणार. तोवर चहा तरी होईल. आणि खरं सांगू, बरंच झालं. एवढ्या स्पीडने माणसं एकमेकांवर आदळायची. त्यांच्या डोक्यांचं काय होतं ते मी रोज वॉर्डमध्ये बघतो."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवसापासून या घरात किकऑफ म्हणजे चहा टाकायची वेळ झाली. केटल खालून वाफ सोडायची आणि ती नेमकी माझ्या अंगावर यायची. मला एकच इच्छा उरली होती. कुणीतरी मला पुन्हा काखेत धरावे आणि जिवाच्या आकांताने धावावे. एकदाच.

तनू मोठी झाली, लीड्सच्याच विद्यापीठात गेली आणि तिथल्या संघात खेळू लागली. आणि मित्रांनो, ती झाली काय? रिटर्न घेऊन धावणारी! माझा आनंद गगनात मावेना. पण तिने सरावासाठी आणला नवा चेंडू. रात्री उशाशी ठेवायला ती त्याला आपल्या खोलीत घेऊन जायची. मी फळीवरून पाहत राहायचो आणि जळायचो. यंदाच्या दसऱ्याला स्टेथोस्कोपाशेजारी तो बसला. झेंडूचे फूलही त्यालाच. माझ्यावरची धूळ झटकायचेही कुणाच्या ध्यानात आले नाही.

त्यात आणखी एक भर पडली. टीव्हीवरच्या मोठ्या सामन्यांचा नियम पुन्हा बदलला. आता दोन्ही संघ जवळजवळ उभे राहतात, लांबून धावत येऊन आदळत नाहीत, म्हणून रिटर्न परत सुरू झाले. शिवाय लाथ मारण्याच्या चेंडूंनाही आता आधीपासून चोळून मऊ करतात म्हणे! माझ्या धाकट्या भावंडांना हे सगळे मिळाले, आणि मी वाफ खातोय. "देवा, त्यांचे एवढे नशीब आणि माझे हे?" असे मी रोज म्हणायचो.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तनूचा सामना होता. सुप्रभा तो बघायला गेल्या होत्या. हरीश नुकतेच ड्यूटीवरून आले होते. त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर ठेवला आणि मला सुप्रभांचा आवाज ऐकू आला.

"अहो, तनू पडली. रिटर्न घेऊन धावत होती आणि समोरच्या मुलीशी टक्कर झाली. आम्ही हॉस्पिटलमध्ये, ए अँड ईला, म्हणजे इमर्जन्सीला पोचलोय. ती सेम क्वेश्चन परत परत विचारतेय. नर्स म्हणाली, घरातलं काहीतरी फॅमिलिअर घेऊन या."

हरीशांनी फोन खिशात टाकला. मग त्यांची नजर फळीकडे गेली आणि त्यांनी मला उचलले.

गाडीत मी त्यांच्या शेजारच्या सीटवर होतो. इस्पितळाच्या दारातून मात्र त्यांनी मला काखेत घट्ट धरले आणि ते धावत सुटले. एका ट्रॉलीला डावीकडून, एका व्हीलचेअरला उजवीकडून चुकवत, "सॉरी, सॉरी" म्हणत. माणसे बाजूला होत होती, सगळे आमच्याकडे वळून पाहत होते. इतकी वर्षे मी ज्याची वाट पाहिली, ते अगदी तसेच घडत होते. आणि मला ते नको होते. हरीशांचे हृदय माझ्यावर धडधडत होते. ते घाबरले होते, आणि त्यांच्यासोबत मीही घाबरलो.

तनू पलंगावर पडली होती. डोळे अर्धवट मिटलेले.

"तनू, हे बघ कोण आलंय," हरीश म्हणाले आणि त्यांनी मला तिच्या हातात दिले.

तिने मला चाचपले. "हा कोणाचा बॉल आहे?"

"तुझा, बाळा. लंडनला मिळाला होता ना?"

"ओके." तिने मला उलटसुलट फिरवून पाहिले. "बाबा, हा कोणाचा बॉल आहे?"

मित्रांनो, आजवर मी नव्या चेंडूवर जळलो, सावत्र भावावर जळलो, केटलवर जळलो. पण त्या घटकेला मला कुणाचाही हेवा वाटला नाही. माझा सगळा मोठेपणा ज्या एका डोक्यात साठवलेला होता, त्या डोक्यालाच मी परका झालो होतो.

स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही, पण तिला रात्रभर तिथेच ठेवले. ती जितक्या वेळा विचारी, तितक्या वेळा हरीश लंडनची गोष्ट सांगत. त्यांना दिसली होती तेवढीच. 

सकाळी तनूने डोळे उघडले. मी तिच्या पोटाशीच होतो. तिने माझे टोक हातात धरले आणि स्वतःच्या कपाळापाशी नेऊन हवेतच दोनदा हलवले.

"त्या प्लेयरनी असं केलं होतं," ती म्हणाली. "माझ्या टोपीवर. टक, टक. बाबा, तुम्ही नाही बघितलं. तुम्ही माझा ग्लव्ह शोधत होते."

हरीशांनी तोंड फिरवले. सुप्रभांनी तनूचा हात धरला तो सोडलाच नाही.

आता तनू घरी आहे. मोठा आवाज आणि उजेड तिला अजून सोसत नाही. पुढे खेळायचे की नाही, ते सावकाश ठरेल. गेल्या रविवारी टीव्ही लावला होता तो अगदी हळू. ती मला मांडीवर घेऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली होती.

"अहो, किकऑफ! रिटर्न चाललाय, बघा ना," सुप्रभा हळूच म्हणाल्या.

"राहू दे," हरीश म्हणाले. ते तनूकडे बघत होते. बघता बघता त्यांनी केटलचा खटका दाबला. आश्चर्य म्हणजे, मला राग आला नाही. तिचा नवा चेंडू अजून बॅगेत तसाच पडलेला आहे, आणि खोटे कशाला बोलू, त्याचे मला थोडे बरेही वाटते. जित्याची खोड!

तेवढ्यात तनूने माझे पोट दाबून पाहिले. "बाबा, ह्याच्यातली हवा गेली आहे."

हरीशांनी कपाटातून पंप काढला आणि दोन मिनिटांत मी पूर्वीसारखा टणक झालो. मित्रांनो, खूप धावा, खूप खेळा, आणि माझ्यासारख्या जुन्या चेंडूला अधूनमधून हातात घ्या. फक्त आपले आणि समोरच्याचे डोके जपा. माझ्यासाठी पंप आहे. डोक्यासाठी कुठल्याच कपाटात पंप नाही.